पहिला कंटेनर पाठवण्याआधी: द्राक्ष निर्यातीत उतरणाऱ्या नवख्यांसाठी

निर्यातीचा परवाना हातात यायला मला एक दुपार लागली होती. पहिल्या कंटेनरचे पैसे जमा व्हायला पाच महिने लागले, आणि तेही कापून आले. या दोन गोष्टींच्या मधे काय काय असतं ते कोणी आधी सांगितलं असतं, तर माझे सात लाख वाचले असते आणि घरच्यांची बोलणीही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मी निफाड तालुक्यातला. घरची पाच एकर द्राक्षबाग आहे. आठ हंगाम झाले, स्वतःच्या नावाने माल बाहेर पाठवतो. माझं काम मोठं नाही, पण दरवर्षी दोन-चार जण विचारायला येतात: नोकरी सोडून आलेला पुतण्या, पुण्यातला सॉफ्टवेअरवाला, दुबईत राहणारा मित्राचा भाऊ. सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, "भारतातून एवढा शेतमाल बाहेर जातो, आपण का नाही?"

जातो, हे खरं आहे. देशाची एकूण शेतमाल निर्यात गेली काही वर्षं वर्षाला ५० अब्ज डॉलरच्या आसपास आहे. तांदळात आपण जगात पहिले, जगाच्या तांदूळ व्यापारातला सुमारे ४० टक्के वाटा आपला. पण त्या आकड्यात तांदूळ, कोळंबी, मसाले, म्हशीचं मांस आणि साखर यांचं वजन मोठं आहे. ताजी फळं त्यात थोडीच. द्राक्षांपुरतं बोलायचं तर २०२३-२४ मध्ये सुमारे ३ लाख ४४ हजार टन माल गेला, ३,४६० कोटी रुपयांचा. यातला बहुतेक माल महाराष्ट्राचा आणि त्यातही नाशिकचा.

पुढच्या प्रत्येक पायरीवर स्वतःला एकच प्रश्न विचारत चला: या क्षणी माल खराब झाला, तर पैसे कोणाच्या खिशातून जाणार? शेतकऱ्याच्या, तुमच्या, जहाज कंपनीच्या की तिकडच्या आयातदाराच्या? ज्याला याचं उत्तर देता येत नाही, त्याच्याच खिशातून ते जातात.

१. आधी देश ठरवा, मग माल

नवखा माणूस उलटं करतो. बाग बघतो, सौदा करतो आणि मग गिऱ्हाईक शोधतो. द्राक्ष वेलीवर थांबत नाही. गोडी भरली की आठ-दहा दिवसांत काढावीच लागते, नाहीतर मणी मऊ पडतात आणि माल बेदाण्याच्या भावाने जातो.

ढोबळमानाने तीन वाटा आहेत.

युरोप (नेदरलँड्स, जर्मनी, इंग्लंड): दर चांगला, नियम कडक, पैसे उशिरा. नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात माल उतरतो आणि तिथून पुढे पसरतो.

आखात: जहाज चार-पाच दिवसांत दुबईच्या जेबेल अली बंदरात पोचतं. रेसिड्यूची, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशाची, कटकट त्या मानाने कमी आणि पैसा लवकर फिरतो. पण दर रोज हलतो आणि व्यवहार बराचसा ओळखीवर चालतो.

बांगलादेश: ट्रकने जातो. तिथल्या आयात शुल्कावर सगळा खेळ. विदर्भातल्या संत्रा बागायतदारांना विचारा. २०१९ मध्ये किलोला २० टका असलेलं शुल्क २०२३ पर्यंत ८८ टक्यांवर गेलं आणि संत्र्याचं ते गिऱ्हाईकच हातचं निघाल्यासारखं झालं.

माझा सल्ला विचाराल तर पहिला हंगाम स्वतःच्या नावाने काहीच पाठवू नका. एखाद्या पॅकहाऊसमध्ये, म्हणजे माल निवडून, थंड करून डब्यांत भरतात तिथे, जानेवारी ते एप्रिल काम करा. पगार नाही मिळाला तरी चालेल. दुसऱ्या हंगामात आखातात दोन कंटेनर पाठवा. युरोप तिसऱ्या वर्षी. ही गोष्ट पटणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, मी स्वतःही पहिल्याच वर्षी रॉटरडॅम गाठलं होतं.

२. कागदपत्रं

हा भाग सोपा आहे, उगाच घाबरवणाऱ्यांना पैसे देऊ नका. जवळजवळ सगळं घरबसल्या ऑनलाइन होतं. लागणाऱ्या गोष्टी अशा:

– फर्मचं पॅन, बँकेत चालू खातं, जीएसटी नोंदणी
– आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड. डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर मिळतो, फी ५०० रुपये
– एडी कोड: बँक देते, १४ अंकी असतो, तो कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर बंदरानुसार नोंदवावा लागतो
– अपेडाचं (शेतमाल निर्यात बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं) नोंदणी प्रमाणपत्र, ज्याला सगळे आरसीएमसी म्हणतात. मुदत पाच वर्षं
– एलयूटी, म्हणजे हमीपत्र: हे जीएसटीच्या पोर्टलवर भरलं की निर्यातीवर आधी कर भरून मग परत मागत बसावं लागत नाही
– एफएसएसएआयचा परवाना
– डिजिटल सही

यातले दोन सापळे ध्यानात ठेवा. पहिला आयईसीचा. काही बदल नसला तरी दरवर्षी एप्रिल ते जून या काळात पोर्टलवर जाऊन माहिती कायम करावी लागते. नाही केली तर कोड बंद पडतो आणि ते तुम्हाला कळतं ते कंटेनर बंदराच्या दारात उभा असताना.

दुसरा एलयूटीचा, आणि हा खास द्राक्षवाल्यांसाठी. एलयूटी आर्थिक वर्षापुरतं असतं. आपला हंगाम ३१ मार्चला मधोमध कापला जातो. मार्चमध्ये पाठवलेल्या कंटेनरचं एलयूटी एप्रिलमधल्या कंटेनरला चालत नाही. १ एप्रिलच्या आत नवं भरून ठेवा. माझ्या ओळखीतल्या दोघांचे कंटेनर या एवढ्याशा गोष्टीवर अडलेत.

आणि फर्मचं नाव व पत्ता सगळीकडे अक्षरशः एकसारखा ठेवा. एका कागदावर "रोड" आणि दुसऱ्यावर "मार्ग" असला, की कोणीतरी पेन खाली ठेवतं.

३. प्लॉट: नोंदणी नाही तर युरोप नाही

युरोपला द्राक्ष पाठवायचं तर बाग अपेडाच्या ग्रेपनेट प्रणालीत नोंदलेली हवी. कोणता डबा कोणत्या प्लॉटमधून आला हे रॉटरडॅमच्या गोदामात उभा असलेला माणूस शोधू शकतो, ते याच्यामुळे. नोंदणी कृषी विभागामार्फत होते. गोडी बार छाटणी (फळासाठीची छाटणी) उरकली की ऑक्टोबरपासून कामाला लागा, डिसेंबरच्या आत मोकळे व्हा. दरवर्षी नूतनीकरण असतं. प्रत्येक प्लॉटला वेगळा क्रमांक मिळतो. शेतकऱ्याकडे तीन प्लॉट असतील आणि दोनच नोंदलेले असतील, तर तिसऱ्यातला एक घडही चालत नाही. तोडणीच्या घाईत मजूर बांध ओलांडून शेजारच्या प्लॉटमध्ये शिरतात, तेव्हा स्वतः तिथे हजर राहा.

प्लॉट बघायला गेलात की घड हातात घेण्याआधी फवारणीची वही मागा. ज्याची वही स्वच्छ, एकाच शाईने, एकाच बसणीत लिहिल्यासारखी दिसते, तिथे सावध व्हा. खरी वही मळकी असते. तिच्यावर औषधाचे डाग असतात, मधेच "पाऊस, फवारणी रद्द" असं लिहिलेलं असतं.

घड कसा हवा? साधारण १८ मिलिमीटरच्या वरचे मणी असले तर युरोपात गिऱ्हाईक आहे, १६ च्या खाली फारसं कोणी विचारत नाही. गोडी १६ ब्रिक्सच्या वर. रंग एकसारखा, डाग नाहीत, आणि देठ हिरवा. थॉमसन हा जुना वाण अजून चालतो, पण सुपरमार्केटं आता मोठ्या मण्याच्या, पेटंट असलेल्या नव्या वाणांकडे वळली आहेत. आपल्याकडे आरा मालिकेतल्या वाणांची लागवड सुरू झाली आहे. त्यांचे हक्क कोणाकडे आहेत आणि माल कोणालाही विकता येतो का, हे न विचारता अशा बागेचा सौदा करू नका.

४. रेसिड्यू: इथेच धंदा बुडतो

या पायरीवर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा लागते. १०० टनांत एक ग्रॅम! एवढं तर शेजाऱ्याच्या ब्लोअरमधून वाऱ्यावर येतं.

२०१० साली काय झालं ते इकडचा कोणताही बागायतदार सांगेल. वेलीची अनावश्यक वाढ रोखायला लिहोसीन मारायची पद्धत होती. त्यातला घटक क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे सीसीसी. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत तो नव्हता. म्हणजे अहवाल स्वच्छ यायचा. युरोपातल्या प्रयोगशाळेने तो शोधला आणि शेकडो कंटेनर तिथे अडकले. निर्यातदारांनी शेतकऱ्यांचे पैसे थांबवले, बँकांनी निर्यातदारांचे. कित्येक घरांत त्या कर्जाचे हप्ते पुढे बरीच वर्षं चालले. शेतकऱ्याची त्यात काय चूक होती? त्याने शिफारशीतलंच औषध मारलं होतं. पण "माल खराब झाला तर कोणाच्या खिशातून" हा प्रश्न कोणी विचारलेला नव्हता. त्यानंतर सीसीसी यादीत आलं, आणि लोक ते नाव दबक्या आवाजात घेऊ लागले.

आता पद्धत अशी. पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे देखरेख आहे, आणि कोणती औषधं चालतील, काढणीआधी किती दिवस थांबायचं, याची यादी तिथून दरवर्षी निघते. नवी यादी मोबाइलवर ठेवा, जुनी पुसून टाका. माल तयार होत आला की मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस प्लॉटवर येऊन नमुना नेतो. अहवाल पास असेल तरच पुढे सरकायचं.

सापळे तीन.

नमुना दिल्यावर फवारणी. भुरी (पांढरी बुरशी) दिसली, शेतकरी घाबरला, रात्री एक हात मारला. अहवाल पासचा, माल नापासचा. शेतकऱ्याला दोष देण्याआधी त्याच्याशी आधीच बोलून ठेवा: भुरी आली तर मला फोन करायचा, आपण मिळून ठरवू. नुकसान एकट्यावर टाकलंत तर तो लपवणारच.

"जैविक" बाटली. हे माझ्या स्वतःच्या बागेत घडलंय. फुगवणीसाठी म्हणून एक टॉनिक आणलं, बाटलीवर हिरवी पानं आणि शंभर टक्के जैविक असल्याचा शिक्का. अहवालात असं कीटकनाशक निघालं जे मी उभ्या जन्मात विकत घेतलेलं नाही. बाटलीच्या तळाशी उरलेलं दोन बोटं औषध प्रयोगशाळेत पाठवलं, त्यात तेच निघालं. कंपनीच्या माणसाने फोन उचलणं बंद केलं. तो प्लॉट मी स्थानिक बाजारात काढला. तेव्हापासून कोणतीही नवी बाटली बागेत जायच्या आधी तपासायला जाते, खर्च झाला तरी.

सुपरमार्केटची वेगळी अट. सरकारी मर्यादेत पास झालात म्हणून गिऱ्हाईक खूश होईलच असं नाही. जर्मनीतल्या बऱ्याच साखळी दुकानांना सरकारी मर्यादेच्या काही हिश्शातच अंश हवा असतो, आणि एकूण औषधांची संख्याही चार-पाचच्या आत. ही अट आयातदाराकडून सौद्याआधी लेखी घ्या. ग्लोबलगॅप, म्हणजे चांगल्या शेतीपद्धतीचं प्रमाणपत्र, तर ते धरूनच चालतात.

५. पॅकहाऊस: पहाटे चार ते संध्याकाळ

स्वतःचं पॅकहाऊस बांधायचा विचार डोक्यातून काढा. पिंपळगाव, दिंडोरी, निफाड भागात अपेडा-मान्य पॅकहाऊसं भाड्याने मिळतात. किलोमागे दर ठरतो.

तोडणी पहाटे, उन्ह चढायच्या आत. दव असेल तर वाळू द्या. ओला घड डब्यात गेला की गेला. पॅकहाऊसमध्ये पोचल्यावर बायका कात्रीने खराब मणी काढतात, वजन होतं, घड पाउचमध्ये जातो. ४.५ किंवा ५ किलोचे डबे असतात, नाहीतर सुपरमार्केटसाठी ५०० ग्रॅमचे पनेट, म्हणजे प्लास्टिकचे छोटे डबे. घड कायम देठाला धरून उचलायचा. मण्यांवर जी पांढुरकी लव असते, ती बोट लागलं की पुसली जाते, आणि तिकडचा तपासनीस सगळ्यात आधी तीच बघतो.

आता नवख्याला कोणी न सांगणारी गोष्ट. डब्यात सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद ठेवतात, सगळे त्याला ग्रेप गार्ड म्हणतात. बुरशी रोखायचं काम त्याचं. तो प्रीकूलिंगनंतर, म्हणजे माल थंड केल्यावर ठेवायचा, आधी नाही. आधी घड उघड्या लायनरमध्ये (डब्यातल्या प्लास्टिकच्या अस्तरात) थंड करायचे, तापमान दोन-तीन अंशांवर आलं की गार्ड ठेवून लायनर बंद. गरम घड तसाच बंद केलात, तर आत पाण्याचे थेंब धरतात, पाणी लागलं की गार्ड एकदम सगळा वायू सोडतो आणि देठाजवळचा मणी पांढरा पडतो. पहिल्या कंटेनरचे रॉटरडॅमहून आलेले फोटो मी अजून जपून ठेवलेत: प्रत्येक मण्याच्या डोक्यावर पांढरी टोपी. रात्रीच्या पाळीतल्या मुकादमाने दोन तास वाचवले होते, मला ते दोन तास सात लाखांना पडले.

त्यानंतर माल शून्य ते एक अंशावर, ९० टक्क्यांवर आर्द्रतेत. थर्मामीटरची तार हवेत लोंबकळत असेल तर ते हवेचं तापमान आहे, मण्याचं नाही. मण्यात टोचून बघा.

६. कंटेनर आणि बंदर

चाळीस फुटी रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये साधारण १३ ते १४ टन माल बसतो. तो न्हावाशेवाला जातो. बंदरावरचं काम सीएचए, म्हणजे कस्टमचा दलाल बघतो. चांगला सीएचए मिळणं हे नशीब, आणि तो द्राक्षाचं काम केलेला असावा. सुट्या भागांची निर्यात करणारा स्वस्तात मिळाला तरी नको.

कंटेनरसोबत जाणारे कागद: इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, वजनाचं प्रमाणपत्र, वनस्पती संगरोध विभागाचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, युरोपसाठी अॅगमार्कचं प्रमाणपत्र, प्रयोगशाळेचा अहवाल, मूळ देशाचा दाखला आणि जहाज सुटल्यावर मिळणारं बिल ऑफ लेडिंग. डब्यांची संख्या सगळीकडे जुळली पाहिजे. शेवटच्या क्षणी वीस डबे कमी भरले आणि पॅकिंग लिस्ट जुनीच गेली, असं हमखास होतं.

कंटेनर भरताना तुम्ही तिथे असा. दार उघडा, आत जाऊन वास घ्या. आधी मासळी गेली असेल तर कळतं. तापमान किती सेट केलंय ते पॅनेलवर स्वतः वाचा, फोटो काढा. द्राक्षाला बहुतेकदा शून्याच्या अर्धा अंश खाली ठेवतात. वजाचं चिन्ह आहे का ते बघा, हसू नका. डेटा लॉगर (तापमान नोंदवणारं यंत्र) दोन ठेवा: एक आत, एक दाराजवळच्या वरच्या डब्यात. पुढे भांडण झालं तर तुमच्या बाजूने बोलणारा तोच एक साक्षीदार असतो. एका हंगामात आयातदाराने "माल गरम आला" म्हणून क्लेम लावला होता. लॉगर काढून बघितला तर वीस दिवस तापमान सरळ रेषेत, आणि चढलं ते तिकडे गोदामात उतरवल्यावर. क्लेम मागे घेतला गेला.

जहाजाचे दिवस मोजताना सुवेझचा मार्ग गृहीत धरू नका. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि वीस-बावीस दिवसांच्या प्रवासात दहा-पंधरा दिवसांची भर पडली. भाडं वाढलं ते वेगळंच. मार्ग कोणता ते बुकिंगच्या वेळी विचारा आणि ३५-४० दिवस टिकेल असाच माल भरा. पावसात सापडलेल्या प्लॉटचा माल लांबच्या मार्गाला घालू नका.

७. पैसे

आता मुख्य. सौदा चार प्रकारे होतो. आगाऊ रक्कम, एलसी (आयातदाराच्या बँकेची पैशाची हमी), किमान हमी दर आणि कन्साइनमेंट. पहिले दोन नवख्याला क्वचितच मिळतात. बहुतेकांच्या वाट्याला कन्साइनमेंट येतं: माल पाठवा, तिकडे विकला जाईल त्या भावातून कमिशन, शुल्क, गोदामभाडं, फेरपॅकिंग कापून उरलेलं तुम्हाला. म्हणजे शेतापासून गिऱ्हाईकाच्या ताटापर्यंतची सगळी जोखीम तुमची. जमलं तर निदान किमान हमी दर पदरात पाडून घ्या.

हिशेबाची रीत दाखवतो. आकडे हंगामागणिक बदलतात, तुम्ही तुमचे घाला. समजा १३,५०० किलो माल ९० रुपयांनी घेतला: १२ लाख १५ हजार. पॅकिंग, मजुरी, प्रीकूलिंग किलोला ३० धरा: ४ लाख ५ हजार. जहाजभाडं, बंदर, कागद मिळून ५ लाख. एकूण २१ लाख २० हजार. तिकडून सगळं कापून २४ लाख आले तर २ लाख ८० हजार सुटले. पण १५ टक्क्यांचा क्लेम लागला तर ३ लाख ६० हजार गेले, आणि तुम्ही ८० हजारांनी खाली. पंधरा टक्के म्हणजे काय? देठ थोडे सुकले, एवढंच.

म्हणून काही गोष्टी लेखी ठरवा. क्लेम किती तासांत कळवायचा, फोटो किती, त्रयस्थ तपासनीस कोण आणि त्याचा खर्च कोणाचा. माल विकल्यावर मिळणाऱ्या हिशेबाला डब्यांच्या विक्रीच्या पावत्या जोडायच्या की नाही, हेही आधीच. ईसीजीसी ही सरकारी कंपनी आयातदाराने पैसे बुडवले तर विमा देते, आणि नव्या आयातदाराची पत तपासायलाही तिचा उपयोग होतो. मात्र मालाच्या दर्जावरून झालेलं भांडण सहसा त्यात बसत नाही. सागरी विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि त्यात रीफर बंद पडणं धरलंय का ते वाचा.

दुसरी बाजू शेतकऱ्याची. दरवर्षी कोणीतरी व्यापारी चिठ्ठीवर माल उचलून पसार होतो, त्यामुळे तुमच्याकडेही त्याच नजरेने बघतील. एका तात्यांनी मला पहिल्या वर्षी सरळ सांगितलं, "भाऊ, तू चांगला असशील. पण चांगुलपणाचा चेक वटत नाही." निम्मे पैसे तोडणीच्या दिवशी खात्यावर, उरलेले ठरल्या तारखेला, तिकडून येवोत न येवोत. एवढं खेळतं भांडवल नसेल तर कंटेनर भरू नका.

८. पैसा गुंतवायचाच असेल तर

काहींना निर्यात करायची नसते, या धंद्यात पैसा घालायचा असतो. त्यांच्यासाठी थोडक्यात.

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला सहजासहजी शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि अनिवासी भारतीयांना भारतात शेतजमीन खरेदी करायला परवानगी नाही. वारसाने येते ती वेगळी. तेव्हा "द्राक्षबागेचा गुंठा घ्या, दरवर्षी निर्यातीचा नफा मिळवा" अशी जाहिरात दिसली तर पुढे सरका. शेतकरी उत्पादक कंपनीचे शेअरही फक्त उत्पादकांनाच घेता येतात. बाहेरचा पैसा आणायचा तर वेगळी रचना लागते. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने २०२२ मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांकडून ३१० कोटी रुपये उभे केले ते काढणीपश्चात काम बघणाऱ्या उपकंपनीत, शेतकऱ्यांच्या मूळ कंपनीत नव्हे. ती रचना समजून घ्या, शिकण्यासारखी आहे.

माझ्या मते पैसा घालण्यासारखी जागा म्हणजे प्रीकूलिंग, शीतगृह आणि हंगामाबाहेर त्यांचा वापर. द्राक्ष चार महिने चालतं, कर्जाचा हप्ता बारा महिने. उरलेले आठ महिने डाळिंब, भाजीपाला, मिरची, काय ठेवणार हे आधी लिहून काढा. कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत मिळते, जास्तीत जास्त सात वर्षं. राज्यात स्मार्ट आणि मॅग्नेट प्रकल्पांतून शेतकरी कंपन्यांना अनुदान आहे. पण अनुदान मागाहून येतं. ते धरून प्रकल्पाचा हिशेब बसत असेल आणि ते सोडून बसत नसेल, तर प्रकल्प करू नका.

९. दिल्लीकडेही लक्ष ठेवा

द्राक्षावर सहसा कोणी बंदी घालत नाही, कारण द्राक्षं महागली म्हणून सरकार पडत नाही. कांद्याचं तसं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क आलं, डिसेंबरात थेट बंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान दर आणि ४० टक्के शुल्कासह. सप्टेंबरमध्ये किमान दर गेला, शुल्क निम्म्यावर आलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही उठलं. लासलगावला कांदा भरून ठेवलेल्या निर्यातदाराने या दीड वर्षात गिऱ्हाईक कसं सांभाळायचं? गव्हावर मे २०२२ मध्ये, बिगर बासमती पांढऱ्या तांदळावर जुलै २०२३ मध्ये अशीच रातोरात बंदी आली होती. तेव्हा कांद्याच्या किंवा धान्याच्या निर्यातीत पैसा घालणार असाल, तर करारात सरकारी बंदीचं कलम हवंच.

१०. माल विकला गेल्यावर

पैसे खात्यावर आले की ई-बीआरसी, म्हणजे निर्यातीचे पैसे आल्याचा ऑनलाइन दाखला, करून घ्या, शिपिंग बिलाशी जुळवा. ते अर्धवट राहिलं तर बँक पुढच्या वर्षी विचारते, आणि सरकारी परताव्यांनाही तिथेच खीळ बसते. प्रत्येक कंटेनरची एक फाइल करा: प्लॉट क्रमांक, अहवाल, लॉगरचा आलेख, फोटो, क्लेम. मे महिन्यात निवांत बसून त्या फायली शेतकऱ्यांसोबत उघडा, ज्याचा माल चांगला गेला त्याला तो आलेख दाखवा. पुढच्या ऑक्टोबरात छाटणीच्या आधी तोच तुम्हाला फोन करतो.

आणि मे महिना आहेच, तर त्याच बैठकीत आयईसीची माहिती कायम करून टाका. दोन मिनिटांचं काम आहे.